आई अंथरुणाला, हरभरा वावरात. रात्री घरी कोणाला ठेवायचं?

जागल्या · १९ नोव्हेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचून जातो, आज विचारायचं आहे.

गाव दारव्हा तालुक्यातलं. माझं वय ४१, लग्न झालेलं नाही. शेती करणाऱ्या पोराला मुलगी कोण देतं हे इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. वडील जाऊन सहा वर्षं झाली. बहीण अमरावतीला, भाऊ चाकणला कंपनीत. घरी मी आणि आई. आई ७८ वर्षांची. मागच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिलीच नाही. तेव्हापासून बाजेवर.

आंघोळ, संडास-लघवी, वेणी, सगळं मीच करतो. पहिले पंधरा दिवस ती भिंतीकडे तोंड करून रडायची. पोरगा आपलं धुतो, याचं तिला. आता रडत नाही, डोळे मिटून घेते. तिने डोळे मिटले की मी समजतो, आता लुगडं सोडायला हरकत नाही.

दिवसाचं कसंतरी बसवलं आहे. घोर रात्रीचा आहे. अडीच एकर हरभरा, वावर गावापासून दोन किलोमीटर. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर उकरतो, म्हणून जागलीला जावंच लागतं. त्यात या आठवड्यात पंपाला थ्री फेज लाइन रात्रीचीच. परवा दहाला गेलो, पहाटे चारला आलो. आई ओली होती. हात लाकडासारखे गार पडलेले. मला बघून म्हणाली, "डुकरं आली होती काय रे?" स्वतःचं काही बोलली नाही.

प्रश्न एवढाच आहे: रात्रीपुरतं माणूस कुठून आणायचं? पैसे देतो म्हटलं तरी मिळत नाही. निंदणाला बायका मिळतात, सोयाबीन सोंगायला गुत्त्याने टोळी मिळते, पण दुसऱ्याच्या घरचं गू-मूत काढायला गावात कोणी तयार नाही. त्यांचंही बरोबर असेल. पण मी काय करू?


कवठाची चटणी · २० नोव्हेंबर, सकाळी ६:१५

भाऊ, वाईट मानू नका, पण आधी मनातलं बोलून घेते. तुम्ही आईचं करता म्हणून गावात लोक तुम्हाला श्रावणबाळ म्हणत असतील. मी देवळीजवळच्या खेड्यात नऊ वर्षं सासूचं केलं, आता मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं करते आहे. मला कोणी काही म्हटलं नाही. एकदा चुलत नणंदेसमोर सासूबाईंना जेवण वाढायला उशीर झाला, तेव्हा मात्र अख्ख्या मोहल्ल्याने म्हटलं.

भाचीच्या लग्नाला आर्वीला गेले होते. हळद लागायच्या आधी फोन आला, मामाजींनी गोळ्या दोनदा घेतल्या. नवरा घरीच होता हो. त्याला गोळ्यांचा डबा कुठे असतो तेच माहीत नव्हतं. तसाच शालू नेसून बसमध्ये बसले.

आता तुमचं. पगारी माणूस शोधू नका, मिळणार नाही. तुमच्या गल्लीत एकटी राहणारी म्हातारी नक्की असेल, प्रत्येक गल्लीत असते. तिला "आईचं करा" म्हणू नका. "रात्री इथे झोपायला या" एवढंच म्हणा. एकट्या बाईला रात्र किती मोठी असते ते मला सासूबाईंनी सांगितलं होतं. तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं.


निवृत्त सिस्टर · २० नोव्हेंबर, दुपारी २:०५

जागल्या, माणसाचं नंतर बघू, आधी पाठीचं बघा. बत्तीस वर्षं वॉर्डात गेली, त्यामुळे माझी भाषा जरा कोरडी आहे, सांभाळून घ्या.

सहा तास एका कुशीवर आणि वरून ओलं, म्हणजे कातडी जाणारच. माकडहाड, खुबा आणि टाचा रोज चांगल्या उजेडात बघायच्या. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबलं तरी लालच राहिला तर जखम आतून सुरू झाली आहे. तिथे तेल लावून चोळायचं नाही, आतलं मांस आणखी दुखावतं. खेड्यात गाडीची ट्यूब फुगवून खाली देतात, ती तर मुळीच नको. कडेने रक्त अडतं आणि मधली जागा सुजते.

दिवसा दर दोन तासांनी कूस बदला. हवेची गादी मिळते, मेडिकलवाल्याकडे "एअर बेड" म्हणून मागा. ती असली तरी कूस बदलावीच लागते, रात्रीचं अंतर थोडं वाढवता येतं इतकंच.

एकट्याने उचलून कूस बदलत असाल तर वर्षभरात तुमची कंबर जाईल. आईचं जुनं नऊवारी सुती लुगडं असेल ना? त्याची चौपदरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत तिच्या खाली आडवी अंथरा. पलीकडचा काठ मुठीत धरून आपल्याकडे ओढला की ती अलगद कुशीवर येते, कातडी चादरीला घासत नाही. पाठीमागे उशी लावून टेकू द्या. दुसरी उशी पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा अधांतरी राहतात.

आणखी एक. संध्याकाळनंतर ती पाणी पिते का, विचारा. पोराला उठवायला नको म्हणून बहुतेक म्हाताऱ्या पाणी तोडतात. मग लघवीत जंतुसंसर्ग होतो, आणि या वयात ताप येईलच असं नाही. माणूस एकदम भलतंसलतं बोलायला लागतं, घरचे म्हणतात डोकं फिरलं किंवा बाहेरचं लागलं, आणि आठ दिवस वाया जातात. पाणी सकाळी-दुपारी भरपूर द्या, जेवण नेहमी टेकवून बसवून, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. रात्रीपुरतं डायपर लावा. फक्त आपल्या सोयीसाठी लघवीची नळी घालून घेऊ नका. नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो.


मुंबईकर पाहुणा · २० नोव्हेंबर, रात्री ९:३०

भावना समजतात, पण व्यवहाराने बघा. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढची माणसं शंभरात जवळजवळ दहा होती, आता त्याहून जास्त असणार. एकेकट्या मुलाच्या खांद्यावर हे किती दिवस चालेल? आईला चांगल्या वृद्धाश्रमात ठेवलं, तर तुम्ही शेतीही नीट कराल आणि तिलाही प्रशिक्षित माणसं मिळतील. यात लाज वाटण्यासारखं काय आहे?


बुढा बाभूळ · २१ नोव्हेंबर, पहाटे ५:०२

पाव्हण्या, रामराम. मी ७६ चा, अकोट तालुका. नातवानं मोबाइलवर मराठी टंकाले शिकवलं, तवापासून पहाटे हाच धंदा.

शंभरात दहा राज्यात असतीन. माह्या आळीत अकरा घरं हायेत, त्यातल्या सात घराईत निरा बुढा-बुढीच. पोट्टे वाईट नाईत. कापसाच्या भावात एका वावरावर दोन संसार होत नाईत म्हणून गेले. मीच धाडले. आता कोणाले बोल लावू?

वृद्धाश्रमाचं म्हणसान तर त्या बुढीले तुमी बाजेसकट नेसान, पण तिचं अंगण कसं नेसान? मी ओट्यावर बसलो का येणारा-जाणारा "रामराम आबाजी" म्हणते. दिवसातून चाळीस खेपा माह्यं नाव निंगते. तिथं मले कोण वयखते? अन् एक सांगतो, अंथरुणावरचं माणूस घ्याले बरेचसे आश्रम तयारच नसतेत, मी माह्या साळ्यासाठी तीन जागी इचारून आलो. चालतं-फिरतं माणूस पायजे त्याइले. चालतं-फिरतं असतं तं आमीच काऊन ठेवलं असतं?

सरकारनं आमच्यासाठी काई केलं नाई असं नाई. २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या वरच्याले एसटी फुकट हाये. पण एसटी थांबते फाट्यावर, अन् फाटा घरापासून दीड किलोमीटर. तिथवर कोण नेते? दुसरं ते आंगठ्याचं मशीन. जनमभर कापूस येचला, इळा धरला, बोटाच्या रेघा झिजून गेल्या. मशीन म्हणते, तू तो नाईस. मी म्हणतो, मंग मी कोण हाओ, तूच सांग बाप्पा.


थोरला · २२ नोव्हेंबर, रात्री १:१०

सेकंड शिफ्ट संपवून आलो आणि हा धागा वाचला. मीही बाहेर गेलेलाच. गाव पुसदकडचं, आता पुण्याच्या बाजूला.

महिन्याला सहा हजार पाठवतो. लहान भाऊ गावी आईजवळ असतो. आईला एकदा आणलं होतं, एक खोली आणि स्वयंपाकघर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वीस दिवस राहिली. तंबाखू थुंकायला जागा नाही म्हणून तिने तंबाखूच सोडली, एवढी भ्याली होती. गॅलरीत बसून गाड्या मोजायची. एकविसाव्या दिवशी पिशवी भरून दाराशी बसली.

बाहेरच्या मुलांना सगळे नावं ठेवतात म्हणून खरं ते लिहितो. मी फोन केला की भाऊ "सगळं ठीक" म्हणतो. मला माहीत असतं की सगळं ठीक नाही. पण मी पुढे विचारत नाही. विचारलं तर जावं लागेल.


जागल्या · २२ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

थोरला, तुम्ही आमचे दादा तर नाही ना? गाव चुकवून लिहिलं असेल तर सांगा.

सिस्टर, पाण्याचं खरं निघालं. विचारलं तर आधी नाही म्हणाली, मग म्हणाली चार वाजल्यानंतर घेत नाही, वर्ष झालं. लुगड्याचं करून पाहिलं. वडिलांनी घेतलेलं जांभळं लुगडं पेटीत होतं, ते काढलं तर म्हणाली हे नको, ते माझ्या मढ्यावर घालायचं आहे. मग दुसरं काढलं. कंबरेला खरंच आराम पडला.

दादाला फोन केला. म्हटलं पैसे नको पाठवू, पंधरा दिवस ये. तो म्हणाला संक्रांतीला बघतो. बहिणीला केला. ती येते म्हणाली, दोन दिवस. आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "वावर अजून आईच्याच नावावर आहे ना?" त्या रात्री भाकर घशाखाली गेली नाही. तिला वाटतं मी हे सगळं सातबाऱ्यासाठी करतो.


स्टॅम्पवेंडर · २२ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

बहिणीचा राग धरू नका. आमच्या टपरीवर रोज एक तरी असं घर येतं, त्यातून तीही कुठे ना कुठे ऐकत असेल.

मुलांच्या किंवा नातवंडांच्या नावाने राहतं घर, शेतजमीन बक्षीस द्यायला आपल्याकडे मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्वस्त म्हणून म्हातारे हातपाय चालत असतानाच सगळं लिहून देतात, आणि पुढच्या दिवाळीला जेवणाच्या ताटावरून भांडण होतं. आई-वडील आणि ज्येष्ठांसाठीचा २००७ चा कायदा आहे, त्याचं कलम २३ सांगतं की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळलं नाही तर रद्द करून घेता येते. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी. नुसतं "प्रेमापोटी देत आहे" लिहिलं की पुढे म्हाताऱ्याला भांडत बसावं लागतं. आमच्याकडे दस्त लिहिणारे ती ओळ हमखास गाळतात. तक्रार कोर्टात नाही, उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायची. निर्वाहाचा खर्च महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतो.

तुमच्या बाबतीत मी म्हणेन बक्षीसपत्र करूच नका. आईची इच्छा असेल तर मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, आणि ती जिवंत असेपर्यंत कितीदाही बदलू शकते. बहिणीला आणि भावाला समोर बसवून लिहा. तोवर वावर आईच्याच नावावर राहू द्या. नावावर वावर असलेल्या म्हातारीचा चहा गार होत नाही, हे माझं निरीक्षण आहे, कायदा नाही.


कवठाची चटणी · २२ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

हा कायदा मी मुद्दाम वाचून काढला होता. सांभाळायची जबाबदारी "मुलांची", आणि मुलं म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाहीच! २०१९ मध्ये सून-जावई त्यात घालायचं दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं होतं, ते काही मंजूर झालं नाही.

म्हणजे कामाला सून आहे, कायद्यात नाही. आधी राग आला, मग बरंच वाटलं. कायद्यात असते तर मामाजींची नोटीसही मीच सही करून घेतली असती, आणि त्यांना चष्मा लावून वाचूनही मीच दाखवली असती.


डायरीवाली · २३ नोव्हेंबर, रात्री ८:००

मी आशा सेविका आहे, वणीकडची. सरकारचं काय मिळतं ते मी सांगते, उगाच कोणी फॉर्मचे पैसे घेऊ नये म्हणून.

सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, वर्षाला घरटी ५ लाखांपर्यंत. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. डायपर, गादी, ड्रेसिंगचं सामान, म्हणजे जागल्या भाऊंचा जो रोजचा खर्च आहे, त्याला त्यातून काही नाही. श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० रुपये, वय ६५ पूर्ण आणि वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे. वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्यांना एकदाच ३,००० रुपये मिळतात, त्यातून कमोडची खुर्ची घ्या. तुमच्या आई बाजेवरून खुर्चीवर बसू शकल्या तरी अर्धं दुखणं हलकं होईल. आंगठा उमटत नसेल तर भांडू नका, डोळ्याच्या बुबुळाचं मशीन कुठे आहे ते विचारा, आधारला डोळे पण जोडलेले असतात. १४५६७ हा ज्येष्ठांचा फोन फुकट आहे, तिथे मराठीत बोलतात.

ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला दवाखाना, अंथरुणावरच्यांना घरी भेट, असं सगळं लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे एवढंच मी म्हणते. तुमच्या केंद्रावर जाऊन वार कोणता ते विचारा. विचारणारे वाढले तर वार ठरतो.

आम्ही तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा एक फॉर्म भरतो. साठीच्या पुढच्यांना त्यात जास्तीचे प्रश्न आहेत. उभं राहताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का. मागच्या महिन्यात एका आजीला हा शेवटचा विचारला. म्हणाली, "पोट्ट्याइचे नावं आठवते बाई, पत्ता त्याइचा मले माईतच नाई." मी फॉर्मवर "नाही" लिहिलं. दुसरं काय लिहिणार?


बुढा बाभूळ · २४ नोव्हेंबर, पहाटे ४:४८

डायरीवाली बाई, बुबुळाचं मशीन कुठं हाये ते सांगून दे. डोळे तं अजून शाबूत हायेत. एकाचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा रायला.

जागल्या, जागलीची इर्जिक काऊन नाई करत? आमच्या काळात नांगराले इर्जिक व्हायची, आज तुह्या वावरात, उद्या माह्या. चार धुऱ्याले धुरा लागून वावरं असतीन तं चौघाईनं पाळ्या वाटून घ्या.


जागल्या · १४ डिसेंबर, रात्री १०:१५

तीन आठवडे इकडे आलो नाही. झालं ते सांगतो.

कवठाची चटणी ताईंचं ऐकलं. मागच्या गल्लीत एक मामी आहेत, सत्तरीच्या, नवरा आणि मुलगा दोघं गेलेले. त्यांना म्हटलं, रात्री आमच्याकडे झोपायला या. त्यांनी कारण विचारलं नाही, संध्याकाळी गोधडी घेऊन आल्या. नंतर कळलं, दोन वर्षांपासून त्या दिवा चालू ठेवून झोपायच्या. पैसे घेत नाहीत. म्हणाल्या, तहसीलमध्ये हयातीच्या दाखल्याला मला घेऊन चल, तीनदा आंगठा उमटला नाही, पगार अडला आहे. गाडीवर बसवून घेऊन गेलो. आंगठा चौथ्यांदाही नाही उमटला, डोळ्याने झालं.

पण मामींना डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि उजवा कान खाली करून झोपल्या की त्या गेल्याच. आई हाका मारून थकली, मामी घोरतातच. दोन रात्री असंच झालं. मग माळ्यावरून बैलाची घुंगरमाळ काढली. बैल दोन वर्षांपूर्वी विकले, माळ विकली नव्हती. ती बाजेच्या ठाव्याला बांधली आणि तिची दोरी आईच्या हातात दिली. आता रात्री आमच्या घरातून बैल चालल्यासारखा आवाज येतो. शेजारच्यांनी विचारलं, पुन्हा जोडी घेतली काय?

बाभूळ आबाजींची इर्जिक पूर्ण जमली नाही. चौघांपैकी एकच तयार झाला. त्याच्याकडे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीन आहे, ते दोघांच्या वावराला मिळून लावलं आणि रात्री आळीपाळीने करतो. एका कोपऱ्यात तार सैल होती, तिथून डुकरं घुसली, पाऊण एकर गेलं. बाकीचा फुलावर आहे.

बहीण आली होती, दोन म्हणून चार दिवस राहिली. दुसऱ्या रात्री तिने एकटीने आईची कूस बदलली. सातबाऱ्याचं पुन्हा काही बोलली नाही, मीही बोललो नाही. ते बोलणं व्हायचं आहे. दादा संक्रांतीलाच बघतो म्हणाला आहे.

काल माझी पाळी होती. पहाटे आलो तर दोघी जाग्या. हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, मला पाहून गप्प झाल्या. आई म्हणाली, दार लोट, थंडी येते.

सिस्टर, उजव्या टाचेवर एक लाल डाग आहे. दाबलं की पांढरा होतो. चालेल ना?


निवृत्त सिस्टर · १५ डिसेंबर, सकाळी ७:३०

चालेल. पोटरीखालची उशी सरकत असणार, ती बांधून ठेवा. आणि मामींना डाव्या कुशीवर झोपवा.